तीन धुना आणि एक आखडतं बोट

कोल्मन हेहिरने चौतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याच्या पश्चिमेकडची कुठली गोठ्याची वाट कुठे वळते, कुठल्या फाटकावरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, हे त्याला पाठ होतं. आणखी एक गोष्ट पाठ होती, पण तिचा उपयोग कुणालाच नव्हता. टँकरच्या केबिनमध्ये एक कॅसेट प्लेअर होता आणि त्यावर अकॉर्डियन, बासरी आणि फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, दिवसभर वाजत असत. चौतीस वर्षांत त्याच्या डोक्यात पाचएकशे धुना जाऊन बसल्या. नावं ठाऊक नाहीत, पण कुठल्या धुनेमागून कुठली येते, दुसऱ्या भागात ती कुठे मान वळवते, सगळं ठाऊक. जन्मभर विंगेत उभं राहून दुसऱ्याची भाषणं तोंडपाठ केलेला आणि रंगमंचावर कधीच पाऊल न टाकलेला एखादा पडदेवाला असतो ना, तसा हा माणूस. मला अशा माणसांविषयी फार माया आहे.

तो निवृत्त झाला आणि आठवडाभर घरात शिट्टी वाजवत फिरला. आठव्या दिवशी त्याची बायको अट्रॅक्टा म्हणाली, "चौतीस वर्षं हीच शिट्टी मी फक्त रविवारी ऐकली, म्हणून संसार टिकला. आता एखादं वाद्य घे, नाहीतर मी माहेरी जाते." माहेर दोन शेतं पलीकडे होतं, तरी कोल्मनने धमकी मनावर घेतली. एका लिलावातून जुनं फिडल आणलं आणि डिंपना लिलिसच्या स्वयंपाकघरात शिकायला जाऊ लागला.

डिंपना शाळेतून निवृत्त झालेली, वय ऐंशीच्या पुढे. तिच्याकडे स्वरलिपीचा कागद नव्हता. ती एक तुकडा वाजवायची, मग चुलीवरची किटली उतरवायची, तेवढ्यात शिष्याने तो तुकडा पकडायचा. दीड वर्षात कोल्मनच्या बोटांत तीन धुना बसल्या. त्यातली तिसरी डिंपनाच्या वडिलांची, मॅटी लिलिसची. जगात ती इतरही वाजवत, पण शेवटचा वळसा मॅटीचा वेगळा होता. डिंपनाने तो वडिलांकडून घेतला होता आणि कोल्मनला तसाच दिला.

मग फेब्रुवारीत एक दिवस जेवणाच्या टेबलावर हात टेकवताना त्याच्या लक्षात आलं की डावा तळवा सपाट बसत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आतल्या बाजूला वळून राहत होतं. तळव्यात कातडीखाली दोरी ताणल्यासारखं काहीतरी कडक झालं होतं. डॉक्टरने हात उलटसुलट पाहिला आणि वडिलांना हे होतं का, असं विचारलं.

कोल्मनला वडिलांचा हात आठवला. बादलीची कडी धरल्यासारखा, कायम मिटलेला. घरात सगळ्यांचा समज होता की तो दूध काढून काढून तसा झाला आहे.

"किती वेळ आहे, डॉक्टर?"

"नेमकं नाही सांगता येत. वर्ष, दोन वर्षं. ऑपरेशन होतं, पण रांग मोठी आहे. आणि हे परत येतं."

फिडलवर करंगळीला जिथवर पोचायचं असतं, तिथवर कोल्मनची करंगळी आत्ताच जेमतेम पोचत होती. त्याने अट्रॅक्टाला सांगितलं की त्याला काही वादक व्हायचं नाही. बोट मिटायच्या आत एकदा बैठकीत बसायचं आहे आणि चार माणसांबरोबर एक धून सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवायची आहे. एकदाच. स्वयंपाकघरात एकट्याने वाजवणं म्हणजे तालीम, आणि नुसत्या तालमीवर मन कसं भरणार?

म्हणून त्याने शोध सुरू केला.

जिल्ह्याच्या शहरात मंगळवारी एका पबमध्ये बैठक असे आणि दारावर खडूने लिहिलं होतं की नवशिक्यांचंही स्वागत आहे. स्वागत खरोखरच झालं. लोक सरकले, खुर्ची दिली, कुठून आलास विचारलं. मग त्यांनी वाद्यं उचलली आणि उतारावर ब्रेक गेलेल्या टँकरसारखे सुटले. कोल्मनच्या दोन धुना तिथे आल्यासुद्धा. पण त्याने फिडलचा गज तारेवर ठेवेपर्यंत ती माणसं पुढच्या धुनेत पोचली होती. दीड तास तो फिडल मांडीवर घेऊन बसला. कुणी वाईट वागलं असतं तर निदान रागावून उठता तरी आलं असतं.

दुसरी बैठक एका वाचनालयात, शनिवारी दुपारी, मुद्दाम संथ चालणारी. तिथे सुट्टीवर आलेली जर्मन आणि डच मंडळी समोर स्वरलिपीचे कागद मांडून बसली होती. त्यांनी मॅटीचीच धून काढली. कोल्मनला वाटलं, आता आपलं भाग्य उघडलं. पण शेवटच्या वळशावर सगळे उजवीकडे गेले आणि तो एकटा डावीकडे. तीनदा वाजवलं, तीनदा तसंच झालं. चालवणाऱ्या बाईने मोठ्या प्रेमाने त्याला एक कागद दिला. त्याला वाचता येत नव्हता. शेजारच्या जर्मन गृहस्थांनी उलट त्याचीच क्षमा मागितली.

तिसऱ्या जागेचा पत्ता अट्रॅक्टाने फोनवर शोधला. पंचेचाळीस किलोमीटर गाडी हाकून पोचल्यावर कळलं की ती बैठक तीन वर्षांपूर्वीच बंद पडली आहे. पबवाल्याला इतकं वाईट वाटलं की त्याने दोघांना सूप पाजलं आणि म्हणाला, वाजवायचं तर वाजवा, आमची काही हरकत नाही. आत चार म्हातारे टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघत होते. कोल्मनने सूप संपवलं आणि फिडल गाडीतून काढलंच नाही.

हे सगळं ऐकून डिंपनाने किटली खाली ठेवली. म्हणाली, तू शोधतोयस भलतीकडे. इथेच, आपल्या बॅलिव्हॅरा गावात, रविवारच्या प्रार्थनेनंतर दुपारी लोक पबमध्ये वाजवायला बसतात. वेगात वाजवतात खरे, पण एक रीत आहे. धून जो सुरू करतो, त्याचीच गती सगळ्यांनी धरायची. तू सुरू कर, म्हणजे त्यांना तुझ्या पावलाने चालावं लागेल.

इतकी साधी युक्ती आपल्याला कशी सुचली नाही, याची कोल्मनला लाज वाटली. पण आपणहून सुरू करण्याचा धीटपणा त्याच्यात नव्हता, म्हणून कुणी बोलावेपर्यंत थांबावं लागलं. तीन रविवार तो भिंतीकडच्या खुर्चीत बसला. बैठकीचा म्होरक्या पॅकी टब्रिडी, अकॉर्डियनवाला, छपरं शाकारण्याचं काम करणारा, मनाने लोण्यासारखा. चौथ्या रविवारी तो मान वळवून म्हणाला, "कोल्मन, एक होऊन जाऊ दे की तुझी."

कोल्मनने मॅटीची धून सुरू केली, संथ, डिंपनाच्या स्वयंपाकघरातल्या चालीने. एक ओळ झाली. दोन झाल्या. आता ते येतील, असं त्याला वाटलं.

कुणी आलं नाही.

पॅकीने अकॉर्डियनचा भाता मिटला आणि डोळे मिटले. बासरीवाल्या बाईने बासरी मांडीवर ठेवली. पबवाल्याने बिअरचा नळ बंद केला. कोपऱ्यात कुणी बोलत होतं, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. नव्या माणसाची पहिली धून, आणि वर गेलेल्या मॅटीचा जुना वळसा. तिच्यावर कोण पाय देणार? सगळं गाव आदराने गप्प झालं होतं. रंगमंचावर एकटा माणूस, सगळे दिवे त्याच्यावर, आणि त्याला हवी होती फक्त गर्दीत मागे उभं राहण्याची जागा.

ते येतील म्हणून त्याने धून दुसऱ्यांदा वाजवली, जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा. पॅकीकडे पाहिलं, तर पॅकीच्या मिटल्या डोळ्यांत पाणी. थांबवणारं कुणी नव्हतं, म्हणून थांबायचं कसं तेही कळेना. चौथ्या वेळी वरच्या सुरावर करंगळी गेलीच नाही. तिथे नुसतं भोक पडलं आणि ते सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी कसाबसा तो संपला. टाळ्या पडल्या. समोर न मागता काळ्या बिअरचे तीन पेले आले.

तो बाहेर गाडीत जाऊन बसला. मागोमाग अट्रॅक्टा आली आणि म्हणाली की लोकांना फार आवडलं.

"तेच तर," कोल्मन म्हणाला.

पुढच्या रविवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. आता तर पॅकी आधीच हात वर करून सगळ्यांना गप्प करू लागला. इतक्या मायेपुढे माणूस काय करणार? आणि करंगळी दर आठवड्याला थोडी थोडी आत येत होती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, बैठक सुरू व्हायच्या आधी, कोल्मन काउंटरजवळ पॅकीच्या शेजारी उभा राहिला. गावात असं कुणी कुणाला तोंडावर सांगत नाही. त्याने आधी हवेविषयी सांगितलं, मग हर्लिंगच्या सामन्याविषयी, मग एकदम म्हणाला, "पॅकी, मला ऐकत जाऊ नका रे."

पॅकी गोंधळला. "अरे, आम्ही तर तुझा मान ठेवतो."

"नका ठेवू. माझ्याबरोबर वाजवा, माझ्यावरून वाजवा. मी चुकलो तरी वाजवा."

पॅकीला ते पटेना. तेव्हा कोल्मनने डावा हात काउंटरच्या फळीवर ठेवला. हात सपाट बसला नाही, तंबूसारखा उभा राहिला. पॅकीने तो पाहिला. मग त्याने आपला पेला उचलला, न पिता परत ठेवला, आणि जाऊन अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर घेतला.

त्या दुपारी कोल्मनने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला पॅकी आला. मग बासरी आली, मग उरलेली दोन फिडलं. काही जण वळशावर उजवीकडे गेले, काही डावीकडे, आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. पबवाल्याचा नळ चालू होता. कोपऱ्यात लोक मोठमोठ्याने भांडत होते. करंगळी जिथे पोचत नव्हती तिथे सूर होता, दुसऱ्या कुणाचातरी. धून एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली.

तिसऱ्यांदा पॅकीची बोटं सवयीने पळाली. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, त्याला कळलंही नसेल. बाकीचे त्याच्यामागे गेले. कोल्मन चार पावलं धावला, पाचव्याला सुटला. त्याने गज उचलून धरला आणि ते सगळे त्याला सोडून पुढच्या धुनेत गेले. ती धूनही त्याला डोक्यात पाठ होती. तो मधोमध बसून राहिला. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी गाडीपाशी आल्यावर त्याने किल्ली अट्रॅक्टापुढे धरली. बोट उघडत नव्हतं आणि गियर धरवत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती चालवायला बसली आणि तो शेजारी. खुर्ची पुढे ओढून घेत तिने विचारलं, "वाजवलंस का?"

"हो."

"कुठवर?"

"दोन वेळा पूर्ण. तिसऱ्याला सुटलो."

ती आरसा नीट करत राहिली. मग म्हणाली, "मी दाराशीच उभी होते. मला तुझं फिडल काही ऐकू आलं नाही."

"मलाही नाही," कोल्मन म्हणाला.