भिंतीपलीकडचा पॅरलल

अकोल्याच्या जुन्या शहरात आम्ही कोपऱ्याकोपऱ्यावर नव्या पेट्या बसवल्या, तेव्हाची ही गोष्ट. पेटीपर्यंत फायबर यायचं आणि तिथून घरापर्यंत तीच जुनी टेलिफोनची तांब्याची तार. अंतर फार तर शंभर-दीडशे मीटर. एवढ्या आखूड तारेवरून फायबरच्या तोडीचा वेग मिळतो, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकून आले होते आणि घरोघर सांगत फिरत होते. लोकांना त्याचं कौतुक बेताचंच. त्या वर्षांत फोन वाजला की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघायची. गावाकडून कुणा शेतकऱ्याने जीव दिल्याचं कधी ऐकायला मिळेल, याचा नेम नव्हता.

हार-गजरे करून विकणाऱ्या एका काकूंकडे वेग काही केल्या येईना. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता, काकूंना त्याचं तोंड पडद्यावर बघायचं होतं. मी लांबी मोजायचं यंत्र लावलं. तार या घरात संपायला हवी होती. यंत्र म्हणत होतं, ती आणखी पुढे गेली आहे.

"काकू, दुसरा फोन आहे का घरात?"

"नाई वं, एकच आहे." शेवंती ओवता ओवता त्या म्हणाल्या, "पन पोरगा बोलाले लागला का आवाज बारीक होते. कोनी मधातून ओढून घेतल्यावानी. अन् श्वास आयकू येते."

"कुणाचा?"

"सासूबाईचा. त्याइले जाऊन आठ वर्सं झाली."

मी हसले नाही.

तार शोधत गेले. खिडकीच्या चौकटीवर रंगाखाली बुजलेली तारांची एक जोडी निघाली. ती बाहेर पडून अंगणातल्या वाटणीच्या भिंतीवरून पलीकडे उतरली होती. मी गल्लीला वळसा घालून गेले. दार एका वाळलेल्या बाईंनी उघडलं. या काकूंच्या थोरल्या जाऊ. ती भिंत घातल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

मी कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. "तार कापाले आली का?" एवढंच म्हणाल्या.

आतल्या खोलीत स्टुलावर एक जुना फोन होता, घंटा काढलेला. वाटणीच्या आधीचा पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवर जोडलेला दुसरा फोन. काकूंच्या मुलाला सहावीपर्यंत यांनीच वाढवलं होतं. दर रविवारी एक वाजता त्या रिसीव्हर उचलून बसत. मी समजावलं, की असा फाटा राहिला की सिग्नल त्यात शिरून उलटा फिरतो आणि वेग मरतो.

"काप ना. पन उद्या रविवार आहे. उद्याचं होऊ दे."

रविवारी मला सुट्टी होती, तरी गेले. का गेले, ते अजून नीट सांगता येत नाही. एक वाजून गेला. त्यांनी रिसीव्हर उचलला, बोलायच्या बाजूवर तळहात दाबला आणि मला जवळ ओढलं. दोघींचे कान एकाच रिसीव्हरला. मुलगा थंडीबद्दल बोलत होता, काकू फुलांच्या भावाबद्दल. "ठेवतो मग," तो म्हणाला. काकूंनी फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला.

मुलाने ठेवला नाही.

लाइन चालूच होती. तिकडे एक श्वास. इकडे त्यांनी तळहात काढला होता, त्यांचाही श्वास. कुणी एक शब्द बोललं नाही. मी माझा श्वास रोखून धरला, न जाणो तिसरा त्याला ऐकू जायचा. अशी दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग तिकडून हळूच फोन ठेवला गेला. त्यांनीही ठेवला आणि वर फडकं टाकलं.

"दर वेळी?" मी विचारलं.

"दर वेळी."

सोमवारी भिंतीपाशी मी तो फाटा कापला. पेटीपाशी जाऊन बघते तर वेग झर्रकन वर चढलेला. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं. राहवलं नाही, काकूंना सगळं सांगून टाकलं. त्यांची सुई थांबली नाही.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "सासूबाईचं नाव घ्याले सोपं जाते. आवाज बारीक झाला का मी जराशी जोरात बोलत जाओ. तिले आयकू गेलं पाह्यजे."

"मग तार कापू कशाला दिली?"

"मले पोराचं तोंड पाहाचं होतं ना बाई."

महिन्याभरात थोरल्या बाई शेंदूरजनाघाटला भावाच्या संत्र्याच्या मळ्यावर राहायला गेल्याचं लाइनमनकडून कळलं. काकूंनी त्यांना निरोप पाठवला होता का, घरी बोलावलं होतं का, ते मी विचारलं नाही. काकूंच्या घराची तक्रार पुन्हा कधी आली नाही.