हात पाठीमागे बांधून केलेला अभ्यास

आमच्या घरात त्या वर्षी एकच माणूस रिकामं होतं, ते म्हणजे मी. हे माझं मत नव्हे, येरवड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते सर्वमान्य होतं. बाबा कामावर, भाऊ कामावर, आई शाळेत मुलांची खिचडी शिजवायला. मी तेवढी सकाळी पाठीला सॅक लावून पेठेतल्या अभ्यासिकेत जायची आणि संध्याकाळी तीच सॅक घेऊन परत यायची. ‘स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय’ हे वाक्य पहिल्या वर्षी आई शेजारणींना कौतुकानं सांगायची. तीनदा पूर्वपरीक्षेतच आपटल्यावर तिनं ते सांगणं बंद केलं.

त्यामुळे खडकीच्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिच्याजवळ राहायला कोण जाणार असा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. परीक्षेला तीन महिने राहिले होते. ही चौथी खेप शेवटची. यंदा निघाली नाही तर हिंजवडीला मैत्रिणीच्या कंपनीत लागायचं आणि पुन्हा परीक्षेचं नाव काढायचं नाही, असं मीच बाबांसमोर कबूल केलं होतं. त्या नोकरीत वाईट काही नव्हतं. पण मला सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचं होतं. बाहेरच्या बाजूला आमच्या घरातली माणसं पुष्कळ उभी राहिली होती.

मला दर वेळी बुडवायचं ते विज्ञान. मी कलाशाखेची. राज्यघटना, इतिहास झोपेतून उठवून विचारा. विज्ञानात मात्र मी आणि माझ्यासारख्या अभ्यासिकेतल्या दहाजणींनी एक युक्ती काढली होती : जुन्या प्रश्नपत्रिकांमधले प्रश्न उत्तरासकट पाठ करायचे. माठातलं पाणी गार का होतं? बाष्पीभवन. प्रेशर कुकरमध्ये अन्न लवकर का शिजतं? दाब वाढल्यानं उत्कलनबिंदू वाढतो. हे आम्ही आरतीसारखं म्हणायचो. कितीतरी उत्तरं मला पर्यायाच्या अक्षरासकट पाठ होती. आयोग दर वर्षी प्रश्न थोडा फिरवून विचारायचा आणि माझी गाडी रुळावरून घसरायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळा लवकर सुटलेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. सगळं आयुष्य दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करण्यात गेलं. निवृत्त झाल्यावरही ती सुती साडीशिवाय काही नेसत नसे, आणि घरात कुठलीही वस्तू जागेवरून हललेली तिला चालत नसे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला काळा चष्मा दिला आणि काही दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही असं बजावलं. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारी बाई ती. दुसऱ्याच दिवशी वैतागली.

“मनात काय पुटपुटतेस? मोठ्यानं वाच. मलाही ऐकू दे,” ती म्हणाली.

मी मोठ्यानं वाचायला लागले आणि फसले. कारण प्रत्येक उत्तरावर तिचा प्रश्न तयार.

“माठातलं पाणी बाष्पीभवनामुळे गार होतं.”

“मग पावसाळ्यात का होत नाही? माठ तोच, पाणी तेच.”

“ते पुस्तकात नाही.”

“पुस्तकात नाही, पण माठात आहे ना?”

मी चिडून म्हटलं, “आत्या, परीक्षेत चार पर्याय देतात. असल्या चौकशा तिथे कुणी करत नाही.” तिचा चेहरा सांगत होता की तुमचा आयोग काय करतो ते तुमचं तुम्ही बघा. मला वाटलं, माझे तीन महिने ही बाई खाणार. रात्री मैत्रिणीला फोन करून मी तिची यथेच्छ निंदा केली. आज आठवलं की लाज वाटते.

आठवड्याभरानं ती सकाळ आली. मी मंद आचेवर दूध ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले. वाचता वाचता दुधाचा पार विसर पडला. उठून आत गेले तर दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलेलं, शेगडी विझलेली, आणि खोलीभर वास. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? ‘स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळतात.’ खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पाठ केलेलं एक उत्तर पहिल्यांदाच नाकात शिरलं होतं. मी ते मोठ्यानं म्हटलंसुद्धा. आणि ते म्हणता म्हणता वास जावा म्हणून भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

“हात खाली!”

एवढा मोठा आवाज मी आत्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. माझा हात बटणापासून चार बोटांवर थांबला. काळा चष्मा लावलेली आत्या दारात उभी होती. ती आत आली, शेगडीचं बटण फिरवलं, खाली वाकून सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं, मागचं दार सताड उघडलं आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर पायरीवर आणलं. वाकायची मनाई आहे, असं माझ्या तोंडात आलं होतं.

आम्ही बाहेर बसलो. बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी पडते, हा गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साठतो, हे सगळं मला येत होतं. त्याच पुस्तकात, त्याच प्रकरणात, दोन पानं पुढे होतं. वाईट ह्याचं वाटलं की येत असूनही हात गेला. मी रडायला लागले. आत्या रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

“तुझं डोकं चांगलं आहे,” ती म्हणाली. “हाताला काही माहीत नाही एवढंच.”

मग तिनं कारखान्यातली रीत सांगितली. तिच्या खात्यात नवीन बाई कामाला आली की पहिले काही दिवस तिला कशालाही हात लावू देत नसत. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. समोर काय चाललंय ते बघायचं आणि विचारलं की सांगायचं : हे काय आहे, हे असं का ठेवलंय, आत्ता मी ह्याला हात लावला तर काय होईल. आत शिरण्याआधी दाराशी तांब्याची पट्टी असे, तिला हात टेकवून मगच पुढे जायचं. अंगावर साठलेली वीज तिच्यातून जमिनीत उतरते, हे प्रत्येकीला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. नुसतं ‘नियम आहे म्हणून’ असं म्हणणारीला आणखी एक दिवस उभं ठेवत.

“उद्यापासून तू उभी राहा,” आत्या म्हणाली.

आणि मी उभी राहिले. ह्या वयात, पदवीधर बाई, स्वयंपाकघरात हात पाठीमागे बांधून. शेजारची काकू एकदा वाटीभर साखर मागायला आली आणि आत्यानं मला कसली शिक्षा केली आहे असं विचारून गेली. पद्धत साधी होती. रोज घरातली एक वस्तू. आधी बघायचं, मग सांगायचं, मग आत्याच्या शंका, आणि सगळ्यात शेवटी पुस्तक उघडायचं.

पहिल्या दिवशी माठ. पावसाळ्यात हवेतच ओल भरलेली, मग माठाचं पाणी उडून जाणार कुठं, हे मला पंधरा मिनिटांनी सुचलं. ते सुचल्यावर एवढा हर्ष झाला की मी हात सोडून टाळी वाजवली. मग फ्रीज. त्याचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? मी ‘होईल’ म्हणून मोकळी झाले. आत्यानं मला फ्रीजच्या मागे हात धरायला लावला. मागची हवा चांगली गरम होती. आतली उष्णता बाहेर फेकणं हेच त्याचं काम, आणि वर मोटारीची उष्णता वेगळीच. पंख्याखाली तिनं तापमापक टांगला. अर्धा तास पंखा फिरला, पारा जागचा हलला नाही. गार हवा नव्हे, घाम वाळल्यानं आपण गार होतो, हे मी तीन वर्षं पाठ केलं होतं आणि त्या दिवशी समजलं. इस्त्रीच्या प्लगची तिसरी पिन लांब का, इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी का घालत नाहीत, असं एकेक करत आम्ही घरभर फिरलो.

मलाही तिला थोडं देता आलं, ह्याचं मला अजून बरं वाटतं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतक्या वर्षांच्या कामानं तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, यंत्र तिचा ठसा घेतच नसे, आणि दर खेपेला तिला आपण जिवंत असल्याचं तोंडानं पटवून द्यावं लागे. तोवर तिचा चष्मा उतरला होता, पण अभ्यासासाठी मी तिथेच राहिले होते. मी मोबाइलवर तिचा चेहरा दाखवून ते काम घरबसल्या केलं.

“ह्याला कसं कळलं मीच आहे ते?” तिनं विचारलं.

ह्या वेळी तिनं हात पाठीमागे बांधले आणि मी समजावून सांगितलं : डोळ्यांतलं अंतर, नाकाची ठेवण, त्याचे आकडे, ते आकडे आधीच्या नोंदीशी जुळवणं. तिनं दोनदा शंका काढल्या. दुसरीचं उत्तर मला येईना, म्हणून मी पुस्तक उघडलं.

परीक्षेच्या दिवशी एक प्रश्न आला : हिवाळ्यात एकाच खोलीतली लोखंडी वस्तू लाकडी वस्तूपेक्षा गार का लागते? पर्यायांमध्ये ‘लोखंडाचं तापमान कमी असतं’ हा मोठा दिमाखदार होता. मागच्या वर्षी मी त्यालाच खूण केली असती. ह्या खेपेला मी पेन खाली ठेवलं, एक तळवा बाकाच्या फळीवर आणि दुसरा बाकाच्या लोखंडी पायावर ठेवला आणि डोळे मिटून बसले. दोन्ही एकाच वर्गात सकाळपासून आहेत, मग तापमान निराळं कसं असेल? लोखंड माझ्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतंय. पर्यवेक्षक माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि “बाक घरी न्यायचा विचार आहे का?” म्हणाले. मी खूण करून पुढच्या प्रश्नाला लागले.

तरी खडकीला परतले ती तोंड पाडूनच. दर वेळी पेपर चांगला गेला असं वाटायचं आणि मी आपटायची. ह्या वेळी काहीच वाटत नव्हतं, ह्याचीच भीती वाटली. आत्यानं जेवण झाल्यावर प्रश्नपत्रिका समोर ठेवली आणि मला विज्ञानाचे प्रश्न वाचायला लावले. जीवनसत्त्वांची नावं, शोध कुणी लावला, असले तीन प्रश्न तिनं ‘मला माहीत नाही’ म्हणून सोडून दिले. बाकीच्या बारांची उत्तरं तिनं विचार करून, हळूहळू, कारणासकट दिली. ती मी पेपराच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवली.

उत्तरतालिका काही दिवसांनी आली. पुढे निकाल लागला, मुख्य परीक्षाही निघाली, आणि आज मी पुण्यातल्याच एका कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. माझ्या अभ्यासिकेनं फलकावर माझा फोटो लावला. मला पास कुणी केलं ते मला ठाऊक आहे, आणि जो विचारेल त्याला मी सांगते. पण मला निकालापेक्षा तो उत्तरतालिकेचा दिवस जास्त लक्षात राहिला आहे.

मी आधी माझे गुण मोजले. ह्या वेळी काठावर नव्हे, चांगली पलीकडे होते. आत्याच्या गळ्यात पडले, दोघी रडलो, बाबांना फोन केला. मग माझं लक्ष पेन्सिलीच्या खुणांकडे गेलं, म्हणून त्याही जुळवून पाहिल्या. माझे विज्ञानाचे दहा बरोबर होते. आत्याचे अकरा.

“आत्या, तुला माझ्याहून जास्त मिळाले,” मी हसत म्हटलं.

ती हसली नाही. “मी दहावीला शास्त्रात नापास झाले होते,” ती म्हणाली.

आमच्या घरात सगळे सांगायचे, लग्न ठरलं म्हणून तिची शाळा सुटली. मीही तेच धरून चालले होते.

“तुझे आजोबा म्हणाले होते, पुन्हा बस. मीच नको म्हटलं. म्हटलं, आपल्याला नाही कळत शास्त्र, कशाला आणखी एक वर्ष घालवायचं.” तिनं प्रश्नपत्रिका हातात घेतली, आपल्या उत्तरांवरून बोट फिरवलं आणि ती माझ्यापुढे केली. “अकरा म्हणालीस ना? वाच बरं ते प्रश्न परत. सावकाश वाच.”

मी पहिल्यापासून सगळे वाचले. प्रत्येक उत्तर तिनं पुन्हा कारणासकट दिलं, आणि प्रत्येक वेळी मी “बरोबर” म्हणेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली.