मुहूर्ताची दोन घड्याळं

भुकूम गावातली ही खोली मी घड्याळांसाठी भाड्याने घेतली, स्वतःसाठी नव्हे. जाड दगडी भिंती, आत दिवसभर एकसारखा गारवा. आणि माझ्या घड्याळांना हवेतला फरक अजिबात खपत नाही. दोन आहेत. मोबाइल टॉवरच्या भंगारातून उचललेली, रुबिडियमच्या अणूंवर सेकंद मोजणारी. उपग्रहाकडून वेळ घ्यायची, दोघांना एकमेकांशी मिळवायचं आणि मग कोण किती सरकतं ते बघत बसायचं, हा माझा छंद. यातून मिळतं काय, असं विचारणाऱ्याला मी चहासुद्धा देत नाही.

घरमालकीण मावशींनी तसं कधी विचारलं नाही. त्यांनी थेट कामच सांगितलं.

"पोरीचं लगीन टायमावर लागलं पायजे. माझा मुहूर्त दुपारचा व्हता. पुढारी आला न्हाई म्हनून अक्षता पडल्या दिवेलागणीला. आजून सलतंय मला."

मी हवेतच! एवढ्या वर्षांत माझ्याकडे कुणी साधी वेळसुद्धा विचारली नव्हती.

मांडव घरापुढच्या शेतात होता. एक घड्याळ बॅटरीसकट भटजींच्या पुढ्यात ठेवलं आणि त्याचा ठोका लाउडस्पीकरला जोडला. दुसरं पिशवीत घालून खांद्याला लावलं, ते मावशींसाठी. कारण आमच्याकडे अक्षता पडताना मुलीच्या आईने बघायचं नसतं. तिने मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायचं. ज्या बाईला तो क्षण हवा होता, तिलाच तो दिसणार नव्हता. म्हटलं, दिसू नये, पण चुकू तरी नये.

पुढारी आले आणि त्यांनी माइक धरला. रस्ता, पाणी, सूस-महाळुंग्याचा विकास. नवरा-नवरीचा विषयच निघेना. मंगलाष्टकांची वेळ झाली तशी मी ठोक्याचं बटण दाबलं. पिक्, पिक्, पिक्. पुढाऱ्यांनी माइक झटकला, फुंकला, पुन्हा "बंधूंनो" म्हणाले. पिक्! मशीन बिघडलं असं समजून मंडपवाल्याने सगळा आवाजच बंद केला. पुढारी थोडा वेळ नुसतेच ओठ हलवत राहिले, मग बसले. मी तोंडात ओढणी कोंबून अंगणाकडे पळाले.

तिथे मावशी तांब्या घेऊन उभ्या होत्या, रडवेल्या.

"काय बी आयकू येईना गं. लागलं का?"

माझं हसूच पळालं. लाउडस्पीकर बंद, म्हणजे मंगलाष्टकंही इथवर पोचत नव्हती, आणि ते माझ्यामुळे.

"अजून नाही, मावशी. माझ्याकडे बघा."

पिशवीतून घड्याळ काढून पायरीवर ठेवलं. भटजी त्यांच्या घड्याळाकडे बघत असतील ना, एवढीच धाकधूक होती. आकडे पुढे सरकत होते. मावशींनी तांब्या तुळशीवर धरला.

"आता!"

पाणी तुळशीवर पडलं आणि घरापलीकडे अक्षतांचा ताशा कडाडला. अगदी किंचित मागून. पण तो दोष आवाजाचा, त्याला घर ओलांडून यायचं होतं. घड्याळं जुळली होती! मी घड्याळ उचलून, लोंबत्या वायरींसकट, अंगणभर नाचले.

"येकाच टायमाला?" मावशींनी विचारलं.

"एकाच. मुहूर्तावर."

त्यांनी रिकामा तांब्या छातीशी धरला, डोळे पुसले आणि हसायलाच लागल्या.

"मग आज माझंबी लागलं म्हनायचं."