पाहुण्यांपुरती कॉफी

पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली आणि फोरमनने माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धी कॉफी तशीच होती. म्हणाला, "खलास. यल्ला, काम पे चलो." आपल्याच देशाचा माणूस. मॅनेजर समोरच उभा होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

शारजातलं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप, कंपनी स्वीडनची. तिकडे म्हणे सकाळच्या कॉफीला साहेब आणि झाडूवाला एकाच टेबलाशी बसतात. कुणी कुणाला सर म्हणत नाही. हे आम्हाला मॅनेजरनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी भाबडा. गुहागरला फोन करून बायकोला कौतुकाने सांगितलं. प्रत्यक्षात ते टेबल एसीत, ऑफिसवाल्यांसाठी. आम्ही मागे तापलेल्या पत्र्याच्या आडोशाला उभ्यानेच चहा प्यायचो. वर्षानुवर्षं.

मग स्वीडनहून पाहुणे आले. त्यांत तिथल्या कामगार युनियनची एक बाई होती. आम्हाला कामावर घालायचे नवे कव्हरऑल मिळाले, दालचिनीचे गोड पाव मिळाले. एसीतल्या त्या टेबलाशी बसवून मॅनेजरने स्वतःच्या हाताने मला कॉफी ओतून दिली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. त्या भरून येण्याचाच राग अजून जात नाही.

कप काढून घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पुन्हा आले. फोरमनने पुन्हा बोलावलं. सगळे जाऊन बसले. मी आत गेलो, पण बसलो नाही. व्हिसा कंपनीच्या हातात, घरी दोन पोरं शाळेत.

मॅनेजर हसून म्हणाला, "सिट, माय फ्रेंड."

बाईने विचारलं, "व्हाय यू डोन्ट सिट?"

"मॅडम, एव्हरी डे वुई स्टँड आउटसाइड. यू कम, वुई सिट. यू गो, दे टेक कप."

बाईने मॅनेजरकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

महिना संपायच्या आत माझा व्हिसा रद्द झाला. काम कमी आहे म्हणे. बाईने पुढे काही केलं का, मला कधीच कळलं नाही.

गावात विचारतात, "एका कॉफीपायी नोकरी घालवलीस?"

हो, घालवली. पुन्हा घालवीन. पोटासाठी कुठल्याही देशात जाईन, पडेल ते काम करीन. पण पाहुण्यांपुरता माणूस होणार नाही. पुढच्या साहेबालाही हे ऐकावं लागेल. तोंडावर, चारचौघांत.