झांदिरावहिनीची भर चौकातली प्रार्थना

आमच्या पेर्नांबुको प्रांताच्या कोरड्या मुलखात जून महिना आला की दारोदारी संत योहानाची शेकोटी पेटते. ज्या दारापुढे अंधार, ते घर संतांना न मानणाऱ्या आम्हा विश्वासणाऱ्यांचं. माझ्या भावाची बायको झांदिरा, तिच्या दारापुढचा तर अंधारसुद्धा झाडून ठेवलेला असायचा.

भाऊ लवकर गेला. मागे एकच लेक, केझिया. तिच्यासाठी वहिनीने घर असं राखलं की जगाचं वारंही आत यायला बिचकावं. टीव्ही नाही, नखांना रंग नाही, रेडिओवर फक्त उपासना. केझियाच्या केसांना जन्मात कात्री लागली नव्हती. आणि गळा म्हणाल तर, ती गायला उभी राहणार असली की पाळकबाबा प्रवचन आवरतं घ्यायचे. आम्ही सगळ्या त्याबद्दल तिचे उपकार मानायचो.

हा गळा लोरिवालने हेरला. चौकात त्याचा बार, शनिवारी तिथे फोर्रोचा नाच चालायचा. ऐन जूनच्या तोंडावर त्याची गाणारीण पळून गेली. त्याने केझियाला काय सांगितलं ते देव जाणे, पण एका सकाळी वहिनीला लेकीच्या उशीवर नुसती वेणी सापडली. शनिवारी पोरगी लोरिवालच्या मंचावर उभी, पँट घालून.

वहिनी रडली नाही. मला म्हणाली, “वन्सं, सूड घेणं देवाचं काम, ते मला ठाऊक आहे. मी त्याला फक्त पत्ता सांगणार.”

रस्त्यावर उभं राहून उपासना करायची आमच्यात रीतच आहे. आणि दर बुधवारी बायकांची प्रार्थना असते, ती वहिनी चालवायची. तिथे जी ती आपलं दुखणं तिच्या ओटीत टाकायची. गावातल्या एकूण एक नवऱ्याचं पोट, पाठ आणि पाप तिला पाठ होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही बारसमोर उभ्या राहिलो. मी खंजिरी घेऊन. प्रार्थना सुरू झाली की आमच्याकडचा पिणारासुद्धा टोपी काढतो, तशा सगळ्यांनी काढल्या. वहिनी गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले.

“हे प्रभू, इथे क्रेउझाचा आदेनिल्सन बसलाय. त्याच्या मूळव्याधीची आठवण ठेव. डॉक्टरांनी तिखट आणि दारू बंद सांगितलीय. आणि बघ, पुढ्यात दोन्ही आहे.”

“आमेन!” शेजारच्या टेबलावरून एद्वाल्दो खदखदा हसत ओरडला.

“एद्वाल्दोलाही विसरू नकोस, बापा. बायकोला सांगून येतो की गिरणीत रात्रपाळी आहे. गिरणीला तर मार्चपासून कुलूप आहे.”

खुर्च्या सरकल्या. कुणी टोपीसुद्धा घालायला थांबलं नाही. त्यानंतर तर आमचे लांब झगे चौकाच्या टोकाला दिसले की बार रिकामा.

“झांदिराबाई,” लोरिवाल हात जोडून म्हणाला, “माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!”

“मी गुडघ्यांवर आहे रे लोरिवाल. पाय कुठे आलाय?”

शेकोट्यांची संध्याकाळ आली. एरवी त्या दिवशी बारमध्ये उभं राहायला जागा नसते. यंदा बारमध्ये लोरिवाल, वाजवणारे आणि केझिया. गिऱ्हाईक एकही नाही, पण बघायला मात्र चौक भरलेला. वहिनीने शेवटचा घाव घातला.

“हे प्रभू, माझ्या लेकीचा गळा बसव. बेडकासारखा कर. गाता आलं नाही की येईल घरी.”

आईने असं मागावं? केझियाने ध्वनिक्षेपक उचलला, अगदी आईसारखेच डोळे मिटले.

“हे प्रभू, सेवेरिनाआजीच्या झांदिराची आठवण ठेव. ती रोज संध्याकाळी शेजारी मीठ मागायला जाते, आणि त्यांच्या टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत वाटी हातात धरून खिडकीशी उभी राहते. आमच्या घरी मीठ पोतंभर साठलंय, बापा.”

कर्ण्यातून ते साऱ्या गावाने ऐकलं. माझ्या हातातली खंजिरी आपोआप थांबली. वहिनी तशीच बसून, मान खाली.

लोरिवाल मांड्यांवर थापा मारत हसत सुटला. “वा गं पोरी! दर शनिवारी कर हे! म्हातारीलाही मंचावर घेऊ, लोक तिकीट काढून येतील!”

केझियाने त्याच्याकडे पाहिलं. मग ध्वनिक्षेपक त्याच्या बिअरच्या पिंपात बुडवला आणि खाली उतरली. लोरिवालचा बार त्या महिन्यातच हायवेवर गेला.

ती गाठोडं घेऊन आली तेव्हा वहिनी दार अडवून उभी होती.

“केस?”

“वाढतील.”

“पँट?”

“गाठोड्यात. आणि ऐक आई, घर राखायचं तर आता नीट राखू. आजपासून घरची प्रार्थना मालिकेच्या वेळेला.”

वहिनी बाजूला झाली. दुसरं करणार काय?

आता रोज शेजारी मालिकेचं गाणं वाजलं की केझिया आईला बसवते आणि जुन्या करारातल्या वंशावळी वाचायला लावते, मोठ्याने. भिंतीपलीकडे नायिका हुंदके देतेय, आणि इकडे वहिनी अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला.

“एक नाव गाळलंस, आई. पहिल्यापासून.”

वहिनी दात खात पुन्हा सुरू करते. पण रात्री लेकीच्या पुढ्यात मक्याचा कुस्कुस ठेवते तो लोण्याने थबथबलेला.

परवा ती माझ्या कानाशी लागली, “अहो वन्सं, त्या मालिकेतल्या पोरीचं लग्न झालं का हो?”

त्या जूनपासून बुधवारी बायका तोंडच उघडत नाहीत. ‘खासगी विनंती’ म्हणतात आणि गप्प बसतात. माझ्या म्हातारपणाची एवढी एकच करमणूक होती, ती वहिनीने घालवली.

“मेली ती,” मी ठोकून दिलं. “परवाच पुरली.”