दुमडलेल्या ओळीला जागा देणारे रंगनाथराव

रंगनाथरावांची आणि माझी पहिली भेट बेंगळुरूत, के. आर. पुरममधल्या त्यांच्या लहानशा कचेरीत झाली. ते आणि त्यांचे मोजके सहकारी मिळून संगणकावर मजकूर लिहिण्याचा एडिटर तयार करतात, आणि मी तिथे नोकरी मागायला गेले होते. माझ्या अर्जात सुरुवातीच्या इयत्तांची जागा कोरी होती, कारण लहानपणी मला घरीच आत्याने शिकवले. त्याबद्दल मी कोणी विचारण्याआधीच दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले, “शिकवलं ना कुणीतरी? मग माफी कसली? पुढं सांगा.” नोकरी मला मिळाली.

रंगनाथरावांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचे. त्यांच्या मराठीत कानडी सहज येऊन बसते. मला केलेले काम पुन्हा पुन्हा तपासण्याची सवय आहे, आणि कचेरीत त्यावरून थट्टाही होते. रंगनाथराव मात्र एवढेच म्हणतात, “अम्मा, फाइल सेव्ह झाली. आता तिला स्वल्प झोपू दे.” आणि मग माझ्या समाधानासाठी स्वतः एकदा उघडून पाहतात.

त्यांच्या कामाची रीत मला नीट कळली ती आत्यामुळे. बेंगळुरूजवळ होसकोट्याला आमच्या घरी आत्या शेजारच्या मुलांना शिकवते. धड्याची टिपणे ती आमच्याच एडिटरमध्ये लिहिते. मुख्य मुद्दा डावीकडे, पोटमुद्दा थोडा आत, उदाहरण आणखी आत. खिडकीत न मावणारी ओळ दुमडून खाली येते, आणि तो दुमडलेला भाग पूर्वी थेट डाव्या कडेला जाऊन बसे. नव्या आवृत्तीत आम्ही तो ज्या त्या ओळीच्या सुरुवातीखालीच येईल असे केले. दिसायला ते सुबक होते. पण आत्याची नजर मंदावत चालली आहे, म्हणून ती अक्षरे खूप मोठी करते. त्या आकारात उदाहरणाची ओळ इतकी आत जाई की तिच्या दुमडलेल्या भागाला दोन-तीन अक्षरांपुरतीच जागा उरे. एकेक शब्द तुकडे होऊन खाली उतरत राही.

नवी आवृत्ती मी आत्याला पाहायला दिली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मुलांच्या आयांना सांगते, दुसरीकडे पाठवा म्हणून. मलाच वाचता येत नाही, तर शिकवू काय?”

घरची गोष्ट कचेरीत काढावी की नाही, या विचारात माझे दोन दिवस गेले. आवृत्ती लवकरच बाहेर पडायची होती. शेवटी मी सांगितले. पुण्याहून आलेले आमचे सहकारी नितीन म्हणाले, “सर, सिंपल आहे. सेव्ह करतानाच ओळी तोडू आणि थोड्या स्पेस टाकू. कोणाला कळणारे?”

रंगनाथराव म्हणाले, “खिडकी आपली आहे, नितीन. मजकूर त्यांचा. खिडकीत पाहिजे तसं दाखवा. त्यांच्या मजकुरात आपली एक स्पेससुद्धा जाता कामा नये.” आणि त्यांनी आवृत्ती थांबवली.

त्या शनिवारी ते आमच्या घरी आले आणि आत्याच्या मागे स्टूल घेऊन बसले.

“अक्का, मी तुमच्या वर्गात बसलोय असं समजा आणि वाचा.”

“वाचता आलं असतं, तर तुम्हाला एवढ्या लांब बोलावलं असतं का?”

“तुम्ही कुठं बोलावलंत? मीच आलो.”

आत्या हसली आणि अडखळत वाचू लागली. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “ही खालची ओळ पार डावीकडे गेली तर?”

“नवा मुद्दा वाटतो. मुलांसमोर थांबावं लागतं.”

“आणि पूर्ण आत नाही, स्वल्पच आत राहिली तर?”

आत्याने विचार केला. “आत आहे एवढं कळलं की पुरे. किती आत, ते मला ठाऊक आहे. लिहिलंय मीच ना.”

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले आणि उठले.

ओळीची सुरुवात लिहिणाऱ्याने ठेवली तिथेच राहील. दुमडलेला भाग मात्र खिडकीच्या एक तृतीयांशाहून आत जाणार नाही, असे त्यांनी ठरवले. ते काम त्यांनी माझ्याकडे दिले. मी त्यांना किती वेळा शंका विचारल्या याची मला आजही लाज वाटते, पण एकदाही त्यांचा आवाज चढला नाही. दुरुस्ती झाल्यावर आत्याने मुलांना उदाहरण वाचून दाखवले, न थांबता, शेवटपर्यंत. मी दाराआड उभी होते. तो वर्ग आजही भरतो.

रंगनाथराव आता साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. आत्याचा निरोप तिच्याच शब्दांत देते: “वर्षातून एकदा डॉक्टरांना डोळे दाखवून या. तुमच्या खिडकीत आम्हाला अजून पुष्कळ वाचायचंय.”