खंडेनवमीला कापलेल्या दांड्या

भूतबित, करणी, नजर यातलं मी काही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तेवीस वर्षं फौजेत काढली. त्यातली निम्मी रात्रपाळी अशा ठिकाणी केली, जिथे माणूस सोडा, झाडसुद्धा सोबतीला नसायचं. तिथे कधी कोणी पांढरी साडी नेसून आलं नाही. आणि आलं ते कुठे? तर माधवनगरात, भर सणाच्या दिवशी... म्हणजे साडीवाली कोणी नव्हे. काय ते सांगतो.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो. तर हे मेजर सांगलीत घरी बसून बायकोला ऑर्डरी सोडू लागले. एक दिवस मंगल म्हणाली, "आवं, कुठंतरी जावा की रोज चार तास!" तेव्हा मी माधवनगरच्या वर्कशॉपचा मेंबर झालो. जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. लोक जिमला जातात तसं इथे यायचं. रंधा, करवत, ड्रिल, लेथ सगळं तिथलंच. आपण लाकूड न्यायचं आणि हवं ते करायचं. नियम एकच. प्रत्येक हत्यार भिंतीवर आपापल्या खिळ्याला असतं. ते काढलं की त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टांगायचा.

हे सगळं बशीरभाई बघतात. जन्म लेथवर गेलेला माणूस. बोलतात कमी, बघतात जास्त.

मी तिथे पाळणा करत होतो. माझी लेक स्वाती, सासर साताऱ्याचं, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मी सगळ्यांना सांगून बसलो, नातवंडाचा पाळणा मी माझ्या हातानं करणार. विहीणबाईंनी फोन करून विचारलं, "आम्ही आणू का?" मी तोऱ्यात म्हणालो, "अजिबात नको." खरी गोष्ट वेगळी होती. स्वातीच्या स्वतःच्या बारशाला मी नव्हतो. शाळेत घातलं तेव्हा नव्हतो, दहावीच्या निकालाला नव्हतो. ते मनात फार सलत होतं. म्हटलं, निदान ह्या बाळाच्या वेळी तरी काहीतरी आपल्या हातचं असावं.

चार महिने खपलो. नात झाली, बारसं दसऱ्याला आलं. पाळणा जवळजवळ तयार, फक्त बाजूच्या बावीस दांड्या मापात कापून बसवायच्या राहिल्या. आणि उजाडली खंडेनवमी.

त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. हत्यार धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. बशीरभाईंनी पाटावर करवतीपासून पान्यांपर्यंत सगळी फौज मांडली होती, वर झेंडूची फुलं.

"बशीरभाई, बावीस दांड्या फक्त. अर्ध्या तासाचं काम."

"मेजर, आज न्हाई. वर्षातनं एक दिवस त्यास्नी सुट्टी असती. तुमाला तर दोन म्हैनं मिळायची."

एवढं बोलून ते जेवायला घरी गेले. मी बसलो... पाच मिनिटं बसलो. मग उठलो, करवतीवरचं फूल बाजूला ठेवलं, करवत उचलली आणि शिस्तीत तिच्या खिळ्याला माझा बिल्ला टांगला. चोरी केली, पण नोंद ठेवून केली!

आता तिथल्या टेपची गंमत ऐका. तिचं टोक झिजलंय. म्हणून तिथे सगळे शून्याऐवजी दहाची रेघ धरून मोजतात. पंचेचाळीस सेंटिमीटर हवे असतील तर पंचावन्नवर खूण करायची. मी दहा धरले आणि घाईत खूण केली पंचेचाळीसवर. म्हणजे दांडी झाली पस्तीसची. फौजेत शिकवलंय, एक नमुना करा, बाकीचे त्यावर बेता. त्यामुळे चूक एकच केली, पण बावीस वेळा.

पहिली दांडी बसवायला गेलो तर ती खालच्या पट्टीत उभी आणि वरची पट्टी अर्धी वीत लांब. स्टीलच्या पट्टीनं मोजलं. पस्तीस. दुसरी मोजली. पस्तीस.

बशीरभाई आले. आधी बिल्ला बघितला, मग करवतीवरचा भुसा, मग मला. त्यांनी स्वतः सगळ्या दांड्या मोजल्या.

"पाळण्याचे खांबच दहा सेंटिमीटर कमी केले तर?" मी विचारलं.

"तर त्यो पाळणा न्हाई व्हायचा. चहाचा ट्रे व्हईल."

नवीन लाकूड आणायचं तर दुकानंही पूजेला बंद. आणि लेथवर तेवढ्या दांड्या गोल करायला मला तीन आठवडे लागले होते. बशीरभाईंनी करवत पुसली, पुन्हा कुंकू लावलं, पाटावर ठेवली. मला म्हणाले, "माफी मागा तिची." मी मागितली. तेवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस करवतीला सॉरी म्हणाला, हे कृपया कोणी फॉरवर्ड करू नका.

दांड्या टेबलावरच टाकल्या. एक मात्र मंगलला दाखवायला पिशवीत घातली. शेडला कुलूप लागलं. किल्ली एकच, ती खिशात घालून बशीरभाई बहिणीकडे इस्लामपूरला गेले.

घरी मंगलनं दांडी हातात घेतली, मला बघितलं आणि ओरडली नाही. तेच जास्त लागलं. "स्वातीला सकाळी सांगू," एवढंच म्हणाली.

दसऱ्याला सातच्या ठोक्याला मी शेडच्या दाराशी हजर. म्हटलं पाळणा भंगारात तरी काढू. बशीरभाई पहिल्या एसटीनं आले, माझ्यासमोर कुलूप काढलं. दांड्या ठेवल्या तशाच होत्या. मी एक उचलली, सवयीनं भोकात बसवली... आणि ती वर टेकली.

"बशीरभाई..."

त्यांनी पट्टी लावली. पंचेचाळीस. दुसरी, पंचेचाळीस. एकवीसच्या एकवीस! माझ्याच पेन्सिलीचे नंबर, माझंच वेडंवाकडं पॉलिश, तिसऱ्या दांडीची गाठसुद्धा तिथल्या तिथे. बशीरभाई म्हणाले, "मेजर, आदी दांड्या बसवा. इचार नंतर करू."

बाविसावी दांडी घरी होती. ती? पस्तीसच. तेवढ्या जागी मंगलच्या साडीचा काठ ताणून बांधला. बारसं वेळेवर झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं, गार्गी. स्वातीनं पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली आणि मी चारचौघांत रडलो. लाजायचं काय त्यात.

आता माझा मेव्हणा. तो इंजिनियर. त्याला सगळं सांगितल्यावर म्हणाला, "दाजी, पावसानं लाकूड फुगतं."

"जाडीला फुगतं रं. लांबीला दहा सेंटिमीटर?"

मग तो म्हणे, तुम्ही आदल्या दिवशी चुकीचं मोजलं. मी त्याला वर्कशॉपात नेलं. मूळ दांडी साठची होती. कापून उरलेले तुकडे अजून भंगाराच्या पेटीत पडलेले. मोजले, प्रत्येक पंचवीस. साठच्या दांडीतून पंचेचाळीस निघाले आणि पंचवीस उरलेही! त्यानं मोबाईलवर बेरीज दोनदा केली.

बातमी पसरली. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पोरगं भरतीत एका सेंटिमीटरनं हुकलं होतं, एक रात्र शेडमध्ये झोपू द्या म्हणाले. बशीरभाईंनी सांगितलं, "आवं, हितं लाकूड वाढलंय. माणसाचं आमी काय सांगू शकत न्हाई. आनि झोपायचंच तर आदी मेंबर व्हावं लागंल."

साताऱ्याला परत जायच्या आदल्या दिवशी स्वाती पाळण्याशी बसली होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. चोरी, टेप, सॉरी, सगळं. म्हटलं आता हसेल. ती हसली नाही.

"लाकूड वाढलं असेल, पप्पा. मी मानते."

"मानतेस? इंजिनियर मानत नाही आणि तू मानतेस?"

"हो. पण मम्मी म्हणाली ना, पप्पा चार महिने रोज तुझ्यासाठी तिथं जात होते... ते मला खरं वाटेना. मी तिला दोनदा विचारलं."

मी पाळण्याला झोका दिला. लाकूड कसं वाढलं, ते मला अजूनही माहीत नाही. बशीरभाईंना नाही, मेव्हण्याला तर नाहीच. तिला ते दुसरं का खरं वाटलं नसेल, ते मात्र मला चांगलंच माहीत आहे.